स्टेशन ते सदाशिव पेठ

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या मनासमोर काशी, बदरीनारायण, निदान म्हैसूर-उटकमंड तरी उभे राहते. जेथे जावयास आगगाडीत दोन रात्री काढाव्या लागत नाहीत आणि जेथून परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांस वाटावयास प्रसादाची पुडी नसते, अशा ठिकाणाविषयी कोणी लिहू लागला तर तो थट्टेचा विषय व्हावयाचा. आम्ही मात्र आज ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहोत तो अवघा दीड कोसाचा आहे. पुणे स्टेशनाच्या पायऱ्यांपाशी तो सुरू होतो आणि सदाशिव पेठेतील एका दिंडी दरवाजापाशी संपतो. हा रस्ता आम्ही हजार वेळा तुडविला असेल. परंतु पहाटे साडेचारच्या सुमारास, चिटपाखरू नसताना, तो जसा दिसला तसा पूर्वी कधी दिसला नव्हता.

स्वतःच्या गावाची एक गंमत आहे. परगावचा मनुष्य ते पाहतो. आपण ते नुसते वापरतो. मंडईत जावयाचे, कचेरी गाठावयाची, मुलांस शाळेत पोचवावयाचे, या धांदलीत रस्ता म्हणजे लवकरात लवकर मागे टाकावयाची वस्तू होऊन बसते. त्यातून पुण्यात दिवसा वाहनांची जी दाटी उसळते तिच्यात पुढच्या मोटारीच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. शहर नीट पाहावयाचे तर ते रिकामे असताना पाहावे. आणि तसा योग दोनच वेळी येतो, एक संचारबंदीत आणि दुसरा पहाटे. पहिला योग २०२० साली करोनाच्या साथीत येऊन गेला. तो पुन्हा न येवो. दुसरा रोज येतो, पण त्या वेळी आपण अंथरुणात असतो.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या थोरल्या आत्यांना बडोद्याहून पुण्यास आणण्याची कामगिरी आमच्यावर आली. आत्यांचे वय ब्याऐंशी. १९६४ साली लग्न होऊन त्या बडोद्यास गेल्या. गायकवाडांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे तेथे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. भाषेची किंवा सणावारांची उणीव त्यांना तेथे कधी भासली नाही. पण माहेर ते माहेर. या खेपेस त्यांच्या येण्यास कारणही तसेच घडले होते. सदाशिव पेठेतील आमचा जुना वाडा पाडून त्या जागी सहा मजली इमारत उभी करावी, असे घरातील बहुतेकांनी ठरवीत आणले होते. वाड्याचे कडीपाट पोखरले आहेत, मागील भिंतीस दर पावसाळ्यात टेकू द्यावा लागतो आणि चार बिऱ्हाडांत मिळून न्हाणीघरे दोनच आहेत, या गोष्टी कोणासही नाकारता येण्यासारख्या नव्हत्या. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती वारसा कायद्यात २००५ साली झाली असल्यामुळे कागदांवर आत्यांची सही लागणार होती. सही टपालानेही आली असती, परंतु आत्यांनी कळविले, "मी येऊन वाडा डोळ्यांनी पाहीन, मग काय ते सांगेन."

या निरोपाने घरात दोन तट पडले. आत्या 'नाही' म्हणतील अशी तरुण मंडळींना धास्ती होती. आमच्या मनात मात्र त्या 'नाही' म्हणतील अशी आशा होती, आणि ती कोणापाशी बोलून दाखविण्याची सोय नव्हती. शिवाय आणखी एक काळजी होती. बारा वर्षांपूर्वी आत्या एका मुंजीसाठी आल्या होत्या तेव्हा भर दुपारी, मोटारींच्या गर्दीतून आणि दुकानांच्या पाट्यांतून, त्यांस एकही चौक ओळखता आला नव्हता. संध्याकाळी त्या ओसरीवर बसून एवढेच म्हणाल्या होत्या, "वाडा तेवढा आपला आहे, बाकी गाव दुसऱ्याचे झाले." ज्यांस सारे गाव परके झाले आहे त्यांच्याजवळ उरलेला वाडाही मागावयाचा, हे आम्हांस जड वाटत होते.

बडोद्याची गाडी रात्रीतून घाट चढून पहाटे चारच्या पुढे पुण्यास आली. पुण्यास आगगाडी प्रथम आली ती १८५८ साली, खंडाळ्याकडून. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत मुंबईच्या उतारूंना मधला घाट पालखीतून किंवा गाडीतून पार करावा लागे. आज तोच घाट आपण कूस बदलताना ओलांडतो. स्टेशनाची सध्याची इमारत १९२५ सालची. तिच्या पायऱ्यांवरून आम्ही खाली उतरलो तेव्हा बाहेरच्या आवारात डोक्यापर्यंत पांघरूण ओढून झोपलेली माणसे, हातात किटली घेऊन हिंडणारा एक चहावाला आणि ओळीने उभ्या असलेल्या रिक्षा एवढेच काय ते जागेपण होते. थंडी चांगलीच होती. कानांस मफलर गुंडाळलेल्या एका मध्यमवयीन रिक्षावाल्याने रात्रीच्या जादा आकाराची गोष्ट आधीच स्पष्ट केली, आत्यांचे गाठोडे स्वतःच्या पायाशी घेतले आणि "आजी, वारा लागेल, पडदा सोडतो," असे म्हणून बाजूचा पडदा सोडला. आत्यांनी तो लगेच वर करवून घेतला. "मला पाहू दे रे," त्या म्हणाल्या.

पहिले दर्शन ससून रुग्णालयाचे झाले. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाचे दिवे कधीच मालवत नाहीत. फाटकाजवळ पदपथावर चारपाच कुटुंबे चादरी पसरून बसली होती. एक बाई स्टीलच्या डब्यातून कोणास काही काढून देत होती. एक मुलगा भिंतीस टेकून, औषधाची चिठ्ठी मुठीत धरून झोपला होता. पुणे झोपले आहे असे ज्यास वाटत असेल त्याने एकदा या वेळी येथून जावे. शहरातील इतर सर्व घड्याळांत ती पहाट होती. येथे मात्र कोणाची रात्र अजून संपावयाची होती. रिक्षावाल्याने येथे न सांगता वेग कमी केला. आत्यांनी हात जोडले. आमचे आजोबा येथेच निवर्तले, हे आम्हांस ऐकून ठाऊक होते. आत्यांस ते आठवत होते.

पुढे मालधक्क्याच्या चौकातून आम्ही जुन्या बाजाराकडे वळलो. बुधवारी आणि रविवारी येथे जुन्या लोखंडापासून घड्याळांपर्यंत सर्व वस्तूंचा बाजार भरतो आणि त्या दिवशी येथून चालणेही मुश्किलीचे होते. त्या पहाटे मात्र रस्ता धुतल्या पाटासारखा मोकळा पडला होता. उताराला लागताच रिक्षावाल्याने इंजिन बंद केले, आणि एकाएकी सारा आवाज थांबून केवळ चाकांची सरसर ऐकू येऊ लागली. वाचकांस हे क्षुल्लक वाटेल. परंतु येथे उतार आहे ही गोष्टच आम्हांस तोपर्यंत ठाऊक नव्हती. दिवसा इंजिने गुरगुरत असतात, वाहन दर चार हातांवर थांबत असते. त्यात जमीन चढते की उतरते याचा थांगपत्ता लागत नाही. आत्या मात्र पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "आता नागझरी येईल."

नागझरी आली. आज ती एक दुर्लक्षित ओढा आहे आणि पुलावरून जाणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांस तिचे नावही सांगता येणार नाही. परंतु पुणे मुळात वसले ते या ओढ्यामुळे. पश्चिमेकडून मुठा आणि पूर्वेकडून नागझरी, या दोहोंच्या मधल्या उंचवट्यावर कसबा होता; बाकीच्या पेठा त्याला मागून येऊन मिळाल्या. ओढा ओलांडून रिक्षा कसब्यात शिरली तेव्हा रस्ता पुन्हा चढू लागला, आणि भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली ती दोन वाक्ये आमच्या पाठीच्या कण्यास कळली. कुंभारवाड्यापाशी मातीच्या भांड्यांच्या राशी गोणपाटाखाली झाकून ठेवल्या होत्या. जवळच, जिजाऊसाहेबांच्या भक्तीशी ज्याचे नाव जोडले गेले आहे तो ग्रामदैवत कसबा गणपती अजून बंद दारांआड होता. या सर्वांच्या पोटातून, मुठेच्या पात्राखालून, २०२४ च्या सप्टेंबरापासून मेट्रोची गाडी धावते. आम्ही आत्यांना तसे सांगितले. त्यांनी क्षणभर विचार करून विचारले, "मग वरची घरे?" घरे आहेत, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण हे त्यांनी मनात कोठेतरी नोंदवून ठेवले असावे, असे आम्हांस मागाहून वाटले.

शनिवारवाड्याचे पटांगण आले. दिवसा येथे सहली, फुगेवाले, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि छायाचित्रे काढणारे यांचा मेळा असतो आणि वाड्याकडे पाहावयास सवड मिळत नाही. त्या वेळी पटांगणात दोन कुत्री आणि एक पहारेकरी यांखेरीज कोणी नव्हते. दिल्ली दरवाजा, त्याच्या फळ्यांवरील हत्तीला रोखण्यासाठी बसविलेले अणकुचीदार खिळे आणि दोन्ही बाजूंचे बुरूज, सारे दिव्यांच्या पिवळट उजेडात स्पष्ट दिसत होते. पहिल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत, शनिवारच्या दिवशी, या वाड्याचा पाया घातला. १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. १८१७ च्या नोव्हेंबरात त्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतील सर्व इमारती जळाल्या. आग अनेक दिवस धुमसत होती. म्हणजे ज्या वाड्यास पाहावयास देशोदेशींचे लोक येतात तो वाडा, खरे पाहता, शंभर वर्षेही उभा नव्हता. उरला तो तट, दरवाजे, कारंज्यांची हौदे आणि नाव. आणि त्याच्या समोरचा लाल महाल? शाहिस्तेखानाची बोटे जेथे १६६३ साली तुटली तो मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला. आज जो दिसतो तो पुणे महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. तरीही कोणी पुणेकर त्या जागेस 'लाल महालाची नक्कल' म्हणत नाही. जागा तीच आहे, नाव तेच आहे, एवढे त्यास पुरते.

तेथून जवळच एका अमृततुल्य चहाच्या दुकानाचे दार अर्धे उघडले होते. ही दुकाने पुण्याचे भूषण आहेत. ती बहुतांशी राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी चालविली आणि पुणेकरांनी आपली मानली. पितळेच्या पातेल्यात आल्याचा आणि वेलदोड्याचा चहा उकळत होता. आमच्या आधी तेथे तिघे होते: दुधाच्या पिशव्यांची क्रेटे घेऊन निघालेला एक तरुण, हातगाडीवर पालेभाजीच्या जुड्या लादलेला एक वृद्ध आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक पोलीस शिपाई. आत्यांना बसावयास त्या वृद्धाने आपले स्टूल दिले. आम्हांस वाटले, स्नानापूर्वी त्या चहा घेणार नाहीत. त्यांनी दोन पेले घेतले.

चहा घेता घेता त्या शनिवारवाड्याकडे पाहून बोलू लागल्या. १९६१ सालच्या जुलैच्या बाराव्या तारखेस पानशेतचे धरण फुटले तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, शेकडो वाडे मातीच्या ढेकळांसारखे विरघळले. "आपल्याकडे पाणी आले नाही," त्या म्हणाल्या. "आपण उंचावर. पण माणसे आली. नारायण पेठेतील दोन बिऱ्हाडे आपल्या माडीवर दीड महिना होती. त्यांच्यापाशी अंगावरच्या वस्त्रांशिवाय काही नव्हते. आणि पुढे नळ कोरडे पडले. पानशेतामागून खडकवासल्याचे धरणही गेले ना! तेव्हा सारी गल्ली आपल्या आडावर पाण्याला यायची. तुझे आजोबा पहाटे उठून स्वतः रहाट धरून बसायचे, म्हणजे बायकांना ओढायला नको. सोवळेओवळे कोणी विचारले नाही."

ही हकीकत आम्ही लहानपणी तुटक तुटक ऐकली होती. परंतु पाणी आपल्याकडे का आले नाही हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. चहा संपवून आम्ही शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे निघालो तेव्हा त्याचे उत्तर रस्त्यानेच दिले. रिक्षा हळूहळू चढू लागली. कात्रजच्या डोंगरापासून नदीपर्यंत सारे जुने पुणे एका सौम्य उतारावर पसरलेले आहे. याच उताराचा उपयोग करून नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले. पंप नाही, यंत्र नाही. पाणी स्वतःच्या ओघाने वाहत येई आणि पेठापेठांतील हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही नावे अजून पुणेकरांच्या तोंडी आहेत. पानशेतचा पूर ज्या उंचीपर्यंत आला आणि ज्या उंचीपाशी थांबला तीही याच उताराने ठरविली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरास जी गोष्ट पायांनी ठाऊक होती ती आम्हांस येथे जन्म काढूनही एका रिक्षाचे इंजिन बंद पडल्यावर कळावी, यात आमचा दोष थोडा आणि गर्दीचा अधिक.

बुधवार पेठेत आलो. १७०३ साली औरंगजेबाचा पुण्यास मुक्काम पडला असता त्याने हिला मुहियाबाद असे नाव दिले होते. बादशाही गेली, नाव गेले. बुधवार मात्र दर आठवड्यास येतच राहिला. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या देवळासमोरून जाताना रिक्षावाल्याने वाहन न थांबविता उजवा हात छातीस लावला. पुढील चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरले होते. दहाबारा मुले आणि तितकीच पोक्त माणसे पदपथावर मांडी घालून पुरवण्या अंकांत सरकवीत होती. त्यांच्या हातांचा वेग पाहण्यासारखा होता. कोणी बोलत नव्हते, केवळ कागदाची सळसळ. ज्या शहरातून १८८१ साली 'केसरी' निघू लागला त्या शहरास पहिली जाग अजूनही छापील कागदाच्या आवाजाने येते, हे पाहून आम्हांस बरे वाटले. आपण सातच्या सुमारास दाराच्या कडीतून जो अंक काढतो आणि उशीर झाल्यास ज्याच्यावर चिडतो, त्यामागे ही थंडीतील पहाट असते.

बेलबागेच्या चौकात, नाना फडणविसांनी बांधविलेल्या विष्णूच्या देवालयापाशी, आम्ही लक्ष्मी रस्त्यावर वळलो. या रस्त्याविषयी आमचे मत आजवर फारसे चांगले नव्हते. साड्या आणि सोने यांच्या काचांपलीकडे तेथे काही आहे असे आम्ही मानीत नव्हतो. त्या पहाटे दुकानांची पोलादी दारे खाली ओढलेली होती आणि पाट्यांचे दिवे मालवलेले होते. त्यामुळे नजर आपोआप वर गेली. वर पाहतो तो जुनी घरे! कोरीव लाकडी सज्जे, महिरपी खिडक्या, कौलांच्या उतरत्या कडा, एका गच्चीवर तुळशीचे वृंदावन. तळमजल्यावर व्यापाराने कबजा केला होता. माडीवर अजून जुने पुणे राहत होते. आत्यांनी आता बोटाने दाखवावयास सुरुवात केली. "ही डावीकडे तुळशीबाग. नारो आप्पाजींचे राममंदिर आत आहे. मी येथून बांगड्या भरून यायची. आता पुढे सरळ, आणि सांगेन तेथे वळ." शेवटले वाक्य रिक्षावाल्यास होते. त्याने आरशातून आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हालविली. बारा वर्षांपूर्वी ज्यांस एकही चौक ओळखता आला नव्हता त्या आत्या आता रस्ता दाखवीत होत्या.

लक्ष्मी रस्त्यावर सफाईच्या कामावरील स्त्रिया दिसल्या. लांब दांड्याचे झाडू, अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आणि त्याखाली नऊवारी लुगड्याचा काष्टा. आदल्या दिवसाचा कागद, सुतळी आणि चहाचे पेले एका बाजूस गोळा होत होते. कचऱ्यातून उपयोगी वस्तू वेचून निर्वाह करणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली याच शहरात स्थापन झाली, ही गोष्ट आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि विसरतो. ज्या रस्त्यास आम्ही 'रिकामा' म्हणून मनात नाव दिले होते तो खरे पाहता रिकामा नव्हता. डॉक्टर, परिचारिका, दूधवाला, भाजीवाला, शिपाई, वर्तमानपत्रे लावणारी मुले, झाडणाऱ्या बाया आणि आमचा रिक्षावाला, इतकी माणसे दीड कोसात भेटली होती. शहर रिकामे आहे असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा आपल्या म्हणण्याचा अर्थ इतकाच असतो की, आपल्यासारखी माणसे अजून उठलेली नाहीत.

आत्यांच्या सांगण्यावरून रिक्षा डावीकडे सदाशिव पेठेत वळली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावाने वसलेली ही पेठ आज बाहेरच्या लोकांच्या विनोदाचा विषय आहे. पहाटे ती विनोदी दिसत नाही. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी उभी असलेली दुचाक्यांची रांग, एखाद्या खिडकीतून देवघराचा मंद उजेड, कोठे बंबात टाकलेल्या काटक्यांचा धूर. एका जुन्या वाड्यामागे एक नवी इमारत अशी आता सारी पेठ आहे. आमच्या गल्लीत तर नव्याच अधिक. तरीही आत्यांनी वळण चुकविले नाही. प्रत्येक घराचे रूप बदलले होते, पण गल्लीची रुंदी तीच होती, वाकण तेच होते आणि कोपऱ्यावरील पिंपळाचा पारही तोच होता. घराच्या दारापाशी पोचल्यावर आम्ही घड्याळ पाहिले. चहाचा वेळ वगळता हा सारा प्रवास बारा मिनिटांत झाला होता. दिवसा त्यास पाऊण तास लागतो. म्हणजे पुणे मोठे झाले आहे असे जे आपण म्हणतो ते या भागापुरते तरी खरे नाही. पेशव्यांचे पुणे होते तेवढेच आहे, पायी फिरता येण्याजोगे. मोठी झाली आहे ती गर्दी.

दिंडी उघडीच होती. मधल्या वहिनी साडेतीनपासून जाग्या होत्या. पाणी तापले होते. एकत्र कुटुंबाच्या गैरसोयी पुष्कळ सांगता येतील, आणि आमच्या वाड्यात त्या सर्व आहेत. परंतु कोणत्याही वेळी घरी या, दाराची कडी काढावयास कोणी जागे असते, हे सुख लहानसहान नव्हे. आत्या मात्र थेट आत गेल्या नाहीत. चौकातून मागे जाऊन त्या आडाच्या काठाशी उभ्या राहिल्या. रहाट केव्हाच गेला आहे. वर लोखंडी जाळी आहे. त्यांनी जाळीतून एक खडा आत टाकला आणि आवाज ऐकला. पाणी होते.

दुपारी सर्व मंडळी मजघरात जमली. आम्हांस आशा होती आणि तरुणांस धास्ती होती ती दोन्हीही खरी ठरली नाही. आत्यांनी कागद वाचून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "भिंती काही जन्माच्या नसतात. पेशव्यांचा वाडा गेला, लाल महाल गेला, पुरात निम्मे नारायण पेठ गेले. मी सकाळी सारा रस्ता ओळखला तो भिंतींवरून नाही ओळखला. गल्ली तीच ठेवा, पार तोडू नका, आणि आड बुजवू नका. एवढे लिहून द्या, मग सही घ्या." विकसकाच्या नकाशात आडाच्या जागी मोटारी ठेवावयाची सोय होती. तरुणांपैकी एकाने तसे सांगताच त्या शांतपणे म्हणाल्या, "मोटार एक कमी ठेवा. पुन्हा नळ गेले तर मोटारीतून पाणी निघणार नाही." तीन आठवड्यांनी नकाशा बदलून आला. आड राहणार आहे आणि छपरावरील पावसाचे पाणी त्यात सोडण्याची तजवीजही होणार आहे. मग सही झाली. आमची सहीही तीखाली आहे.

वाडा पडेल तेव्हा वाईट वाटेलच. ते वाटू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या पहाटेपासून जुने आणि नवे यांच्या वादाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहोत. गावात काय जपावयाचे, हा प्रश्न आपण इमारतींपुरता विचारतो आणि इमारत वाचविता आली नाही की हात टेकतो. गाव इमारतींखाली असते. जमिनीचा चढउतार, ओढ्याची वाट, पाण्याचा झरा, गल्लीचे वाकण, चौकाचे नाव, झाडाचा पार, यांवर गाव उभे असते. घरे तीनचार पिढ्यांनी बदलतात. या गोष्टी दहा पिढ्या टिकतात, आणि टिकल्या म्हणजे साठ वर्षांनी माहेरी आलेल्या बाईस रस्ता दाखविता येतो. ओढा बुजविला, आडात राडारोडा टाकला, चौकाचे जुने नाव पुसले, म्हणजे मात्र वाडा शाबूत असूनही गाव परके होते. पुण्यातील किंवा इतर कोणत्याही जुन्या गावातील ज्या कुटुंबांपुढे आज आमच्यासारखा कागद आला असेल त्यांनी सही करण्यापूर्वी एवढ्या गोष्टींची यादी करून पाहावी, अशी आमची विनंती आहे.

आणि ही यादी घरात बसून होत नाही. त्यासाठी वाचकांनी एखाद्या दिवशी पहाटे साडेचारास उठावे, घरातील सर्वांत वडील व्यक्तीस गरम शाल पांघरून बरोबर घ्यावे, आणि आपल्याच गावातून एक फेरी मारावी. वाहन हळू हाकावे. उतार लागला तर इंजिन बंद करावे. शेजारी बसलेली व्यक्ती काय सांगते ते मधे न बोलता ऐकावे. खर्च थोडा आहे, आणि परत आल्यावर वाटावयास प्रसादाची पुडी नसली तरी सांगावयास पुष्कळ असेल.